संहिता पाठवण्याआधी आणि पाठवल्यानंतर: कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी

कादंबरीचे शेवटचे वाक्य लिहून झाले की त्याच रात्री ती कोणाला तरी पाठवून द्यावी, अशी अनावर ऊर्मी होते. ही ऊर्मी आवरणे हे प्रकाशनाच्या वाटेवरचे पहिले काम आहे आणि माझ्या मते सर्वांत अवघडही तेच आहे. एकदा नाकारलेली संहिता सुधारून पुन्हा त्याच प्रकाशकापुढे ठेवण्याची संधी क्वचितच मिळते. त्यामुळे कच्चा खर्डा पाठवणारा लेखक एक दार स्वतःच्या हातानेच लावून घेत असतो. मी माझी पहिली कादंबरी अशीच घाईने पाठवली होती. नायकाची थोरली बहीण नवव्या प्रकरणात धाकटी झाली होती, आणि हे माझ्या लक्षात आले ते 'साभार परत' आल्यावर.

तेव्हा लिहून झालेली संहिता निदान दीड-दोन महिने नजरेआड ठेवावी. त्यानंतर ती कागदावर छापून घ्यावी, कारण पडद्यावर रोज पाहून डोळ्यांच्या सवयीची झालेली वाक्ये कागदावर परकी वाटतात, आणि परकी वाटल्याशिवाय त्यांतले दोष दिसत नाहीत. संवाद मोठ्याने वाचावेत. जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा पात्र बोलत नसून लेखक बोलत असतो. शेजारी एक कागद ठेवून त्यावर प्रत्येक पात्राचे वय, नातेसंबंध, गावे, वार आणि ऋतू टिपत जावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण सोमवारी सुरू झालेला प्रवास दोन रात्रींनंतर शनिवारी संपला, असे घोटाळे याच कागदावर सापडतात.

पुढचे वाचन दुसऱ्यांकडून करून घ्यायचे असते. घरच्या माणसांना बाजूला ठेवणे बरे. ती एकतर कौतुक करतात किंवा कथेतल्या मामामध्ये स्वतःच्या मामाला शोधत बसतात. नियमित कथा-कादंबऱ्या वाचणारी, तरीही आपल्या मर्जीची पर्वा न करणारी तीन-चार माणसे पुरेशी होतात. त्यांना 'कशी वाटली?' असे विचारू नये, कारण त्या प्रश्नाला सभ्य माणूस 'छान' एवढेच उत्तर देतो. वाचताना पुस्तक कोणत्या पानावर खाली ठेवलेत, कोणते पात्र कोण हे आठवावे लागले, पुढे काय होणार हे कुठे आधीच कळले, असे प्रश्न विचारावेत. तिघांपैकी दोघे एकाच प्रकरणात थबकले असतील तर दोष त्या प्रकरणात आहे. मात्र तो कसा दूर करावा याविषयी ते जे सुचवतील ते बहुतेक वेळा चुकीचे असते. दुखते कुठे हे वाचकाने सांगावे, औषध लेखकाने शोधावे.

लांबीचाही विचार इथेच करून ठेवावा. अमेरिकेतील विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लेखकांच्या नेब्युला पुरस्कारांसाठी 7,500 शब्दांहून कमी लेखनाला लघुकथा, 17,500 ते 40,000 शब्दांच्या दरम्यानच्या लेखनाला लघुकादंबरी आणि त्यापुढील लेखनाला कादंबरी मानतात. प्रत्येक भाषेत ही गणिते वेगळी असतात, पण ती असतात. पाहिजे त्याच्या दुप्पट लांबीची पहिली कादंबरी आली की प्रकाशकाला साहित्यमूल्याच्या आधी कागद, छपाई आणि बांधणीचा खर्च दिसू लागतो.

नियतकालिकांची वाट

कथाकाराने थेट संग्रहाचे बाड घेऊन प्रकाशकाकडे जाऊ नये. नवख्या लेखकाचा कथासंग्रह कादंबरीपेक्षा विकायला जड असतो, हा जवळपास सगळीकडचा अनुभव आहे. आधी कथा मासिकांत आणि अंकांत छापून आणाव्यात. त्यातून संपादकांशी ओळख होते, मुदत पाळण्याची शिस्त लागते, आणि पुढे प्रकाशकाला लिहिताना दाखवायला काहीतरी हाती असते. रे ब्रॅडबरी 1949 साली न्यूयॉर्कमध्ये आपल्या कथा घेऊन फिरत होता तेव्हा प्रकाशकांना हवी होती कादंबरी. डबलडे या संस्थेतील संपादक वॉल्टर ब्रॅडबरी यांनी (आडनाव सारखे असले तरी नाते काही नव्हते) त्याच्या मंगळावरच्या सुट्या कथा एका धाग्यात ओवण्याची सूचना केली, आणि 1950 साली त्यांचे सलग पुस्तक झाले. सुट्या कथांमध्ये असा एखादा धागा, म्हणजे स्थळ, कुटुंब किंवा काळ, आधीपासून असेल तर तो लेखकाने स्वतःच दाखवून द्यावा.

एका वेळी एकच कथा अनेक ठिकाणी पाठवणे काही संपादकांना चालते, काहींना मुळीच चालत नाही. ज्याचा जो नियम असेल तो पाळावा, आणि एका ठिकाणी स्वीकृती मिळताच बाकीच्यांना त्याच दिवशी कळवावे. मासिकाला आपण नेमके काय देतो आहोत हेही पाहून घ्यावे. सामान्यतः संपादकाला प्रथम प्रसिद्धीचा हक्क पुरेसा असतो. मानधनाबरोबर आलेल्या कागदावर सर्व हक्क कायमचे दिल्याचे वाक्य असेल, तर तीच कथा पुढे आपल्या संग्रहात घेण्यासाठी त्यांची परवानगी मागावी लागेल.

कोणती कथा कोठे, कोणत्या तारखेला पाठवली आणि काय उत्तर आले, याची एक वही ठेवावी. सात-आठ कथा फिरू लागल्या की स्मरणशक्तीवर विसंबून चालत नाही, आणि नाकारलेली कथा त्याच संपादकाला चुकून पुन्हा पाठवण्यासारखी नामुष्की दुसरी नाही.

कोणाला पाठवायची

प्रकाशक निवडताना नावाच्या मोठेपणापेक्षा त्याने गेल्या तीन-चार वर्षांत काय छापले आहे हे पाहावे. आपल्या कादंबरीचा वाचक जी पुस्तके वाचतो ती कोणी काढली, त्यांच्या मनोगतात लेखकाने कोणत्या संपादकाचे आभार मानले आहेत, हे पाहिल्यास दहा-बारा नावांची खरी उपयोगाची यादी तयार होते. या यादीबाहेरच्या पन्नास जणांना एकच मजकूर पाठवण्यात केवळ वेळ जातो.

अर्थात, यादीबाहेरही दार उघडते. फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' ही कादंबरी विसेक प्रकाशकांनी नाकारली, आणि 1965 साली ती पुस्तकरूपात आणली चिल्टन या संस्थेने, जिची ओळख मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी होती. पण हा किस्सा अंगारा म्हणून बाळगू नये. चिल्टनच्या संपादकाने त्या कादंबरीचे भाग आधी मासिकात वाचले होते आणि तो स्वतःहून लेखकाकडे आला होता. म्हणजे इथेही वाट नियतकालिकातूनच गेली.

काही देशांत मोठे प्रकाशक लेखकाकडून थेट आलेले काही वाचतच नाहीत. तिथे मध्यस्थ, म्हणजे लिटररी एजंट, गाठावा लागतो. तो लेखकाच्या उत्पन्नातून साधारण 15 टक्के, आणि परभाषेतील हक्क विकल्यास साधारण 20 टक्के घेतो. त्याची कमाई लेखकाच्या कमाईतूनच व्हायला हवी. वाचण्याचे शुल्क आधी मागणारा एजंट संहिता विकून जगत नसून लेखकांवर जगत असतो. ज्या भाषांत एजंटांची पद्धत रुजलेली नाही तिथे लेखकाने थेट प्रकाशकाला लिहिणेच योग्य.

पाकिटात काय असावे

बहुतेक ठिकाणी एक पत्र, कथासारांश आणि पहिली दोन-तीन प्रकरणे मागवली जातात. संहिता स्वच्छ टंकलिखित, एकाच साध्या टंकात, ओळींमध्ये दुप्पट अंतर सोडून आणि पृष्ठक्रमांक घालून असावी. याहून अधिक सजावट करू नये. शुद्धलेखन तपासलेले असावे. पहिली तीन प्रकरणे मागितली असतील तर पहिलीच तीन पाठवावीत, 'सर्वांत रंगलेली' नव्हेत. आणि खरी कथा सहाव्या प्रकरणात सुरू होते असे आपल्याला वाटत असेल, तर दुरुस्ती पाकिटात नव्हे, कादंबरीत करायला हवी.

पत्राकडे मात्र नीट लक्ष द्यावे, कारण नव्या लेखकांची बहुतेक पत्रे एकाच साच्यातली असतात. उदाहरणार्थ: 'ही कादंबरी मानवी नात्यांच्या गुंतागुंतीचा वेध घेते, बदलत्या समाजाचे विदारक चित्रण करते आणि वाचकाला अंतर्मुख व्हायला लावते.' हे वाक्य कोणत्याही कादंबरीविषयी लिहिता येते, म्हणून ते कोणत्याच कादंबरीविषयी काही सांगत नाही. आता तीच कादंबरी अशी मांडून पाहावी: 'धरणाखाली जाणाऱ्या गावात अर्धी घरे रिकामी झाली आहेत. गाव सोडून गेलेल्यांची पत्रे परत पाठवण्याऐवजी तिथला टपालवाला ती घरी साठवू लागतो. एका रात्री तो त्यांतले एक पत्र फोडतो, आणि नुकसानभरपाईच्या यादीतून तीन कुटुंबांची नावे आपल्याच भावाने गाळली आहेत हे त्याला कळते. यादी अंतिम व्हायला अकरा दिवस उरले आहेत.' इथे माणूस आहे, त्याने केलेला अपराध आहे, त्याची कोंडी आहे आणि मुदत आहे. नातेसंबंध, समाज, अंतर्मुखता हे शब्द एकदाही न वापरता ते सर्व वाचणाऱ्याला दिसते. पत्रात याशिवाय कादंबरीची शब्दसंख्या, प्रकार, आधी छापून आलेल्या कथा आणि कामाशी संबंध असलेली एखादी स्वतःविषयीची ओळ असावी. एखादा गृहस्थ खरोखरच टपालखात्यात वीस वर्षे असेल तर ते जरूर सांगावे. मित्रमंडळींना आवडली, यावर चित्रपट निघू शकतो, इत्यादी गाळावे. सगळे एका पानात बसले पाहिजे.

सारांशात शेवट लपवू नये. 'पुढे काय होते ते कादंबरीतच वाचा' असे लिहिणाऱ्याला आपण वाचकाशी नव्हे, सहव्यावसायिकाशी बोलत आहोत याचा विसर पडलेला असतो. संपादकाला शेवट जमला आहे की नाही हेच तर पाहायचे असते.

लेखन कोणी चोरील या भीतीने अनेकजण पाठवतच नाहीत. लेखनहक्कांविषयीच्या 1886 सालच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील असलेल्या देशांत लेखनाचा स्वामित्वहक्क ते लिहिले जाताच, नोंदणीवाचून, लेखकाकडे येतो आणि किमान त्याच्या मृत्यूनंतर 50 वर्षे टिकतो. पाठवलेल्या प्रतीची आणि तारखेची नोंद आपल्याजवळ असली म्हणजे झाले.

साभार परत

नकार येतीलच, आणि बऱ्याचदा नकारही येत नाही, नुसती शांतता येते. सांगितलेली मुदत उलटल्यावर एकदा, दोन ओळींत, विचारणा करावी. छापील नकाराचा अर्थ लावत बसू नये. पण संपादकाने स्वतःच्या शब्दांत काही लिहिले असेल, विशेषतः 'पुढचे लेखन जरूर पाठवा' असे म्हटले असेल, तर ते शिष्टाचाराचे वाक्य समजू नये. त्या माणसाकडे इतका वेळ नसतो.

एका वाचकाच्या मताला किती वजन द्यावे, यासाठी विल्यम गोल्डिंगचे उदाहरण बोलके आहे. अनेक ठिकाणांहून परत आलेली त्याची संहिता लंडनच्या फेबर अँड फेबरकडे पोचली तेव्हा संस्थेसाठी आलेल्या संहिता वाचून मत देणाऱ्या वाचक बाईंनी तिच्यावर 'रटाळ, टाकाऊ, निरर्थक' अशा अर्थाचा शेरा मारून नकाराची खूण केली. चार्ल्स मॉन्टिथ या नव्याने रुजू झालेल्या संपादकाने ती नाकारलेल्या गठ्ठ्यातून उचलली. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि लोक सांगताना नेमका पुढचा भाग गाळतात. मॉन्टिथलाही सुरुवात आवडली नव्हती: अणुयुद्ध आणि मुलांना विमानाने हलवण्याचे ते वर्णन त्याने काढायला लावले, इतरही बदल मागितले, शीर्षक बदलले गेले, आणि गोल्डिंगने हे सारे केले. 1954 साली 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' म्हणून जे छापले गेले ते वाचक बाईंनी वाचलेले पुस्तक नव्हते. शेरा उर्मट होता, पण पहिल्या पानांविषयी तो अगदीच निराधार नव्हता. पाच-सहा नकार सुरुवातीच्या प्रकरणांवरूनच येत असतील, तर पाठवणे थांबवून ती प्रकरणे पुन्हा लिहायला घ्यावीत.

करारनामा

होकार आला की लेखक इतका हरखून जातो की समोर येईल त्या कागदावर सही करतो. इथे दोन दिवस थांबावे आणि करार शब्दशः वाचावा. न कळलेले कलम विचारल्याने कोणताही प्रामाणिक प्रकाशक रागावत नाही.

जेन ऑस्टेनने 1803 साली 'सुसन' ही कादंबरी क्रॉस्बी या प्रकाशकाला 10 पौंडांना विकली. त्याने जाहिरात केली, पण पुस्तक काढले नाही. सहा वर्षांनी तिने टोपणनावाने जाब विचारला तेव्हा उत्तर आले की छापण्याची मुदत ठरलेलीच नव्हती; दुसरीकडे छापले तर आम्ही अडवू, हवे तर 10 पौंड देऊन परत घ्या. 1816 साली तिच्या भावाने ती परत विकत घेतली, आणि 'नॉर्थँगर ॲबी' या नावाने ती प्रसिद्ध झाली तेव्हा लेखिका हयात नव्हती. तेव्हा करारात पुस्तक किती महिन्यांत निघेल ही मुदत आणि ती चुकल्यास हक्क आपोआप परत येतील हे वाक्य असलेच पाहिजे. तिचाच दुसरा व्यवहारही लक्षात ठेवण्याजोगा आहे: 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे सर्व हक्क तिने 110 पौंडांना कायमचे देऊन टाकले, 1813 साली प्रकाशित झालेल्या त्या पुस्तकाची त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, आणि तिच्यातून तिला काहीही मिळाले नाही. एकरकमी रक्कम घेऊन स्वामित्वहक्क देण्याऐवजी ठरावीक मुदतीचा, ठरावीक भाषेतला आणि ठरावीक स्वरूपातला छापण्याचा परवाना द्यावा. भाषांतर, श्राव्यपुस्तक, चित्रपट आणि मालिका हे हक्क स्वतंत्रपणे नमूद करावेत. जे हक्क वापरण्याची यंत्रणाच प्रकाशकाकडे नाही ते त्याला देण्यात अर्थ नाही.

रॉयल्टीचा टक्का ऐकून खूश होण्याआधी तो कशावर मोजला जाणार हे पाहावे. छापील किंमत 100 आणि रॉयल्टी 10 टक्के धरली, तर छापील किमतीवरच्या करारात प्रतीमागे 10 मिळतात. तोच टक्का 'निव्वळ उत्पन्ना'वर असेल आणि विक्रेत्याला 40 टक्के सूट गेली असेल, तर 6 मिळतात. आगाऊ रक्कम मिळाली असेल तर ती या रॉयल्टीतून आधी वळती होते आणि मगच पुढचे पैसे सुरू होतात. हिशेब वर्षातून किती वेळा आणि कोणत्या महिन्यात मिळेल, आणि शंका आल्यास तो तपासण्याचा हक्क आहे का, हेही लिहून घ्यावे.

जुन्या करारांत 'पुस्तक बाजारात अनुपलब्ध झाल्यास हक्क लेखकाकडे परत' असे कलम असे. आता ई-पुस्तक कायम यादीत राहते आणि मागणीनुसार एकेक प्रतही छापता येते, त्यामुळे पुस्तक कागदोपत्री कधीच अनुपलब्ध होत नाही. म्हणून अनुपलब्धतेची व्याख्या आकड्यात करून घ्यावी: वर्षभरात अमुक इतक्या प्रतींपेक्षा कमी खपल्यास हक्क परत. हे एक वाक्य दहा वर्षांनी उपयोगी पडते.

होकाराबरोबर खर्चाचा आकडा आला, म्हणजे 'निम्मा खर्च लेखकाने करावा' किंवा 'पाचशे प्रती लेखकाने विकत घ्याव्यात' अशी अट आली, तर समोरचा माणूस प्रकाशक नसून छपाईची सेवा विकणारा आहे असे समजून चालावे. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा नाही; मार्सेल प्रूस्तने आपल्या महाकादंबरीचा पहिला खंड 1913 साली ग्रासे या प्रकाशकाकडून स्वतःच्या पैशाने छापवून घेतला, आणि त्याला आधी नाकारणाऱ्यांपैकी आंद्रे जीदने पुढच्याच वर्षी पत्राने चूक कबूल केली. पण प्रूस्तकडे पैसा होता आणि आपण काय विकत घेत आहोत हे त्याला ठाऊक होते. स्वखर्चाने काढायचेच असेल तर संपादक, मुद्रितशोधक, मुखपृष्ठकार आणि छापखाना यांचे दर वेगवेगळे विचारून घ्यावेत, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, शक्य असेल तिथे स्वतःच्या नावे घ्यावा (2007 पासून तो 13 अंकी आहे, आणि छापील व ई-आवृत्तीसाठी वेगवेगळा लागतो), आणि सर्व हक्क स्वतःकडेच ठेवावेत. पैसेही लेखकाचे आणि हक्कही दुसऱ्याचे, असा व्यवहार कधीच करू नये.

मुद्रिते आणि पुढे

करारानंतर पुस्तक हाती यायला मोठ्या संस्थेत वर्ष-दीड वर्ष सहज जाते. या काळात संपादकाच्या सूचना येतील. रचनेविषयीच्या सूचनांवर एक रात्र झोपून मग उत्तर द्यावे. भाषेविषयीच्या सूचनांपैकी पात्राच्या बोलीला प्रमाणभाषेत ओढणाऱ्या सूचना नम्रपणे नाकाराव्यात आणि बाकीच्या बहुतेक स्वीकाराव्यात. पाने जुळवून तपासायला आलेल्या मुद्रितांवर (प्रूफांवर) मात्र केवळ चुका दुरुस्त कराव्यात, नवे लेखन करू नये. एका परिच्छेदाची भर पडली की पुढच्या सगळ्या पानांचा मजकूर सरकतो, आणि असा खर्च एका मर्यादेपलीकडे लेखकाच्या रॉयल्टीतून कापण्याचे कलम अनेक करारांत असते. मुखपृष्ठावरचे शीर्षक, स्वतःचे नाव आणि मलपृष्ठावरचा मजकूर अक्षर-अक्षर तपासावा; ठळक अक्षरातली चूक सर्वांच्या नजरेतून सुटते.

छापील प्रती आल्या की त्यांतली एक बाजूला काढून तिच्यावर 'दुरुस्ती' असे लिहावे. वाचकांनी कळवलेली आणि स्वतःला दिसलेली प्रत्येक चूक तिच्यात पेन्सिलीने खुणा करून ठेवावी, आणि पहिल्या पानावर तिचा पृष्ठक्रमांक नोंदवावा. पुनर्मुद्रणाचा निर्णय होतो तेव्हा प्रकाशक चार दिवसांत दुरुस्त्या मागतो, आणि त्या वेळी हीच प्रत तशीच त्याच्या हाती देता येते.